मामांचं क्लॅरोनेट आणि रेशीमबागेतली मैफल

शुक्रवार : यवतमाळ ते नागपूर

माझ्या मामांनी उभं आयुष्य लग्नाच्या वरातीत क्लॅरोनेट वाजवलं. दारव्हा, नेर, आर्णी, घाटंजी, जिथं सुपारी मिळेल तिथं ते गेले. मेरठच्या जली कोठीत बनलेलं त्यांचं शिसवीचं वाद्य माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. हेच वाद्य माइकशिवाय, साठेक वादकांच्या मध्ये बसून वाजतं तेव्हा कसं ऐकू येतं, ते त्यांनी एकदा समोर बसून ऐकावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. या जानेवारीत तो योग आला. नागपुरात एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला. ताई प्रतापनगरला राहते, तिनं तिकिटं काढून ठेवली आणि आम्ही एसटीत बसलो.

कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी हा रस्ता थंडीत सुंदर असतो. दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली, हरभरा घाट्यावर, कुठं कुठं कापसाची शेवटची वेचणी. मामा खिडकीशी कानटोपी घालून बसले होते. मी फोनवर मोझार्टचा क्लॅरोनेट कंचेर्तो (एक वाद्य पुढं आणि वाद्यवृंद मागं, अशी रचना) लावून इअरफोन पुढं केला, तर त्यांनी हात जोडले.

“नको बाई. आत्ताच आयकलं तं मंग तिथं जाऊन काय आयकाचं?”

मी आग्रह केला नाही. एरवी असल्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांना मी सांगते की रचना आधी दोनदा तरी ऐकून जा, कारण पहिल्यांदाच ऐकताना कान नुसता सूर शोधत बसतो आणि बाकीचं निसटतं. बीथोवनच्या बाबतीत मी हे आजही सांगेन. मोझार्टच्या बाबतीत मामांचं बरोबर निघालं.

गणेशपेठच्या बसस्थानकावर भाऊजी घ्यायला आले होते. रात्री ताईनं गोळाभात केला होता. मोकळ्या भातावर डाळीच्या पिठाचे वाफवलेले गोळे कुस्करायचे, वरून हिंग आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची, सोबत आंबट कढी. बाहेर चांगलाच गारठा होता आणि मामा तिसऱ्यांदा वाढून घेत होते. जेवण झाल्यावर ताईनं कार्यक्रमपत्रिका फोनवर वाचून दाखवली: आधी मोझार्टच्या ‘फिगारो’ ऑपेराची नांदी, मग क्लॅरोनेट कंचेर्तो, मध्यंतर, आणि शेवटी बीथोवनची पाचवी सिम्फनी, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली चार भागांची मोठी रचना. मामांनी एकच प्रश्न विचारला, “क्लॅरोनेटवाला एकटाच उभा राह्यते का?” हो म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शनिवार : सकाळ आणि दुपार

तर्री पोहे सकाळीच खावेत. नऊनंतर तर्रीची धार जाते, असं भाऊजींचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं. सुभाषनगर स्टेशनवरून मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून कस्तुरचंद पार्क. अंबाझरीच्या बाजूनं मेट्रो उंचावरून येते. धुक्यातून झाडांचे शेंडे वर आलेले दिसत होते. मामा पहिल्यांदाच मेट्रोत बसले होते, पण त्यांचं लक्ष दार बंद होतानाच्या शिटीकडं. “कोमल नी हाय,” म्हणाले. कोणता सा धरून, ते मी विचारलं नाही.

पार्काजवळच्या गाडीवर वाफाळत्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, शेव, कांदा, लिंबू. गाडीवाल्यानं मामांच्या कपाळावरचा घाम पाहून न विचारता ताकाचा पेला पुढं केला, त्याचे पैसे घेतले नाहीत. नागपूरकरांचं हे मला नेहमी आवडतं. बोलणं धारदार, हात सैल.

तिथून ऑटोनं महालात गेलो. मामांना रीड घ्यायच्या होत्या. बडकस चौकाच्या आतल्या बाजूला एक जुनं वाद्यांचं दुकान आहे. पुढं हार्मोनियमचे उघडे भाते, मागं टांगलेले ट्रम्पेट आणि युफोनियम, पितळेवर धूळ. दुकानदार मामांना चेहऱ्यानं ओळखत होते. बोलणं लगेच धंद्यावर आलं. आता धुमाल पार्टीचा जमाना. गाडीवर भोंगे, ड्रम, पॅड, कीबोर्ड, एवढं असलं की वरात हलते. फुंकवाद्यं विकत घेणारा महिन्याकाठी एखादाच येतो. मामांनी रीडचा एक-एक तुकडा उजेडाकडं धरून पाहिला. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. ती वाद्याच्या तोंडाशी बांधतात, फुंकर मारली की ती थरथरते आणि आवाज तयार होतो. पट्टी किती कडक, त्यावर नंबर असतो: दोन, अडीच, तीन, साडेतीन. मामा आयुष्यभर अडीचवर. रस्त्यात चालत, तासन् तास, डफड्यांच्या वर आवाज काढायचा तर ओठ टिकला पाहिजे.

दुपारी घरी येऊन ताईनं सगळ्यांना झोपायला लावलं. संध्याकाळच्या मैफलीला जाणाऱ्यांनी हे जरूर करावं. सिम्फनी अर्ध्या तासाहून जास्त चालते, पोट फार भरलेलं असेल तर दुसऱ्या भागात मान पडते.

शनिवार : रेशीमबाग

कविवर्य सुरेश भट सभागृह रेशीमबागेत आहे, 2017 मध्ये सुरू झालं. गझलेला मराठीत घर देणाऱ्या कवीचं नाव या वास्तूला आहे, ही गोष्ट मला तिथं जाताना दर वेळी सुखावते. भट जन्मले अमरावतीत, पण त्यांचा शेवट नागपुरातच झाला. सभागृह मोठं आहे, दोन हजारांच्या आसपास माणसं बसतात. जवळ मेट्रो स्टेशन नाही, म्हणून सीताबर्डीहून ऑटो ठरवलेली बरी. येतानाच्या ऑटोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, रात्री साडेनऊला सगळी गर्दी एकदम बाहेर येते. स्वेटर सोबत हवाच.

मामांनी पांढरा सदरा, त्यावर काळं जाकीट आणि टोपी घातली होती. आम्ही मधल्या रांगांत बसलो. पुढची तिकिटं महाग असतात, पण वाद्यवृंदासाठी ती चांगली नाहीत. अगदी पुढून फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि त्यांच्या मागं बसलेले फुंकवाले दिसतही नाहीत, नीट मिसळून ऐकूही येत नाहीत. थोडं मागं आणि थोडं उंच बसावं.

दिवे मंद झाले आणि ओबोवर एक लांब सूर आला. सगळा वाद्यवृंद त्या सुराला आपापली वाद्यं लावू लागला. मामा पुढं सरकले. “सा जुळवून राह्यले,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “हे वाजवणारी बाई हाय ना, तिचं वाद्य आपल्या सनईच्या जातीचं हाय.” खरंच आहे. ओबोला सनईसारखीच दुहेरी पात असते, दोन पट्ट्या एकमेकींवर थरथरतात.

‘फिगारो’ची नांदी जेमतेम चार मिनिटांची. सुरुवातीला सगळे तंतुवादक दबक्या आवाजात पळत सुटतात आणि मग एकदम सगळं उघडतं. सभागृह त्यातच जागं झालं.

मग मंचावर हालचाल झाली. ओबो, ट्रम्पेट आणि मोठे नगारे वाजवणारे उठून आत गेले. कंचेर्तोत त्यांना काम नाही. मोझार्टनं क्लॅरोनेटच्या मागं फक्त तंतुवाद्यं, दोन बासऱ्या, दोन ‘बसून’ (खालच्या, जाड सुरांची लांब फुंकवाद्यं) आणि दोन हॉर्न ठेवले. ओबोसारखा टोकदार आवाज जवळ नको, हे त्यानं ठरवूनच केलं असणार, असं ऐकताना वाटत राहतं. ही रचना 1791 ची. आपला क्लॅरोनेटवादक मित्र आंतोन श्टाडलर याच्यासाठी त्यानं ती लिहिली, आणि त्याच वर्षी 5 डिसेंबरला तो गेला. पस्तीस वर्षांचा होता.

वाद्यवृंदातलाच एक तरुण क्लॅरोनेटवादक पुढं येऊन उभा राहिला. मामा त्याच्या हातांकडं पाहत होते, मी मामांकडं.

पहिला भाग झाला तेव्हा बऱ्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काहींनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा आजचा रिवाज आहे आणि नवख्यांनी तो माहीत करून घ्यावा. पण त्यावरून कुणाला लाजवू नये. 1778 मध्ये पॅरिसमध्ये मोझार्टची सिम्फनी झाली तेव्हा लोकांनी रचना चालू असतानाच टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यानं वडिलांना पत्रात आनंदानं ते कळवलं. आमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांनीही मान किंचित झुकवून त्या टाळ्या घेतल्या, मला ते फार आवडलं.

दुसरा भाग, संथ. क्लॅरोनेट एकटं सुरू करतं, खाली तंतुवाद्यांचा हलका आधार, मग तीच ओळ सगळा वाद्यवृंद भरून म्हणतो. मध्यभागी वाद्य अगदी खालच्या सुरांपर्यंत उतरतं, त्याचा तिथला आवाज जाड आणि गडद असतो. वरातीत हे सूर कधी ऐकूच येत नाहीत, ढोलाखाली दबतात. आणि मग पहिली ओळ परत येते, या वेळी इतकी हळू की सभागृहातल्या दोन हजार खुर्च्यांपैकी एकही करकरली नाही. मामांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बोटांवर चाव्यांनी पडलेले घट्टे आहेत, ते मला जाणवत होते.

तो भाग संपला तेव्हा ते कानाशी येऊन म्हणाले, “फुंक कुठं सुरू झाली ते समजलंच नाई. एवढ्या हळू वाजवाले लय दम लागते, बाई. मोठ्यानं तं कोणीबी वाजवते.”

माझ्या मते त्या संध्याकाळची खरी समीक्षा हीच. आपण बाकीचे श्रोते सूर ऐकतो, राग-भाव शोधतो. ज्यानं चाळीस-बेचाळीस अंश उन्हात कुणाच्या तरी दारात उभं राहून तेच वाद्य फुंकलंय, त्याला हळू सुरामागचा श्वास ऐकू येतो. संगीत समजायला पाश्चात्त्य संगीत शिकलेलं असावं लागतं, हे मला त्या दिवसानंतर कुणी सांगू नये.

मध्यंतर

बाहेर चहा होता आणि माणसं गटागटानं उभी होती. नागपुरात संगीत ऐकणारा वर्ग जुना आहे. डॉ. वसंतराव देशपांडे इथंच वाढले आणि त्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे. पण या मैफलीला वेगळीही माणसं आली होती: चर्चच्या गायकवृंदातली मुलं, गिटारची पाठपिशवी घेतलेले कॉलेजकुमार, नातवंडांना आणलेल्या आज्या. आमच्या शेजारी पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, युफोनियम वाजवायचे. मामांच्या जाकिटाच्या खिशातून रीडची डबी डोकावत होती, त्यावरून त्यांनी ओळखलं. मग काय, दोघं चहा विसरले.

“ते तीन ट्रॉम्बोनवाले पाह्यले का? अजून एक सूर वाजवला नाई,” मामा म्हणाले.

“आता पाय तू,” ते गृहस्थ म्हणाले. “शेवटच्या भागापर्यंत निस्ते बसून राहतीन. आन् मंग पाय.”

लहान मुलांना नेणार असाल तर पाचव्या सिम्फनीसाठी नक्की न्या. तिचे पहिले चार सूर, तीन आखूड आणि एक लांब, कोणत्याही मुलाच्या कानात बसतात आणि पुढं अर्धा तास ते ओळखण्याचा खेळ चालतो.

बीथोवन

ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली 22 डिसेंबर 1808 ला, व्हिएन्नात. थंडगार नाट्यगृहात चार तासांहून लांब कार्यक्रम होता. त्याच रात्री सहावी सिम्फनीही पहिल्यांदाच झाली. बीथोवनचे कान तोवर बरेच गेले होते.

पहिल्या भागाच्या मध्याला सगळा गदारोळ अचानक थांबतो आणि ओबो एकटीच काही सूर म्हणते, संथ, ठेका सोडून. आमच्या ओबोवादक बाईंनी तो तुकडा असा वाजवला की पुढचा गदारोळ परत सुरू झाला तेव्हा तो वेगळाच वाटला. नगारेवाला मधूनच कातड्यावर कान टेकवून बोटानं टिचकी मारायचा, पुढच्या सुरासाठी नगारा लावून घ्यायचा. मामांनी ते मला कोपरानं ढोसून दाखवलं.

तिसरा भाग संपत येतो तेव्हा तंतुवाद्यं एक सूर धरून थांबतात. त्याखाली नगाऱ्याचे हलके ठोके सुरू होतात. व्हायोलिनं हळूहळू वर चढू लागतात. मंचावर एक हालचाल झाली: तिन्ही ट्रॉम्बोनवाल्यांनी वाद्यं ओठाला लावली. थांबा न घेता चौथा भाग फुटला, पितळेचा सगळा उजेड घेऊन. ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्यं या सिम्फनीत फक्त इथंच येतात, आणि सिम्फनीत ट्रॉम्बोन आणण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. तीन भाग गप्प बसलेली माणसं उठून बोलली, की काय होतं ते त्या वेळी कळलं. पलीकडच्या रांगेत ते पोलीस बँडवाले गृहस्थ डोळे पुसत होते.

शेवटी सगळे उभे राहिले. मामा टाळ्या वाजवत नव्हते, दोन्ही हात जोडून उभे होते.

गर्दी ओसरल्यावर आम्ही मंचाजवळ गेलो. तो क्लॅरोनेटवादक वाद्याचे तुकडे सुटे करून रेशमी कापड आतून ओढत होता. मुंबईचा होता, मराठी जेमतेम, हिंदी चांगली. त्याच्या पेटीत दोन क्लॅरोनेट. मामांनी विचारलं, दोन कशाला? त्यानं दोन्ही शेजारी धरून दाखवली. एक बी-फ्लॅट, मामांचं आहे तसं, दुसरं ए, किंचित लांब, कंचेर्तो त्यावरच. मामांनी चाव्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्यांच्या वाद्यावर निम्म्याही नसतील. मग त्यांनी जे विचारलं ते मला सुचलं नसतं: “रीड कितीची?”

“साडेतीन, चाचा.”

मामांनी स्वतःची डबी काढून अडीचची दाखवली. त्या मुलानं ती हातात घेतली, बोटानं दाबून पाहिली, आणि म्हणाला की उघड्या रस्त्यावर साडेतीनची रीड चालणारच नाही, ओठ फाटेल, तुमचा नंबर बरोबर आहे. मग आपल्या पेटीतून एक नवी रीड काढून मामांच्या हातावर ठेवली. मामांनी त्याला आपल्या डबीतली एक दिली. त्यानं ती पेटीत नीट ठेवलेली मी पाहिली.

रविवार : परत

सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आलो. थंडीत लवकर गेलं तर तिथं शांतपणे बसता येतं. तिथून रेल्वे स्टेशनजवळचा संत्रा बाजार. संत्री हलकी आणि सैल सालीची घेऊ नका. वजनाला जड आणि साल घट्ट असेल ती रसाळ असतात. दुपारी भाऊजींनी सावजी मटण आणलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. शनिवारी मामा मांसाहार करत नाहीत म्हणून ते रविवारवर ढकललं होतं. मसाल्याच्या तिखटानं कान गरम झाले.

चारच्या बसनं निघालो. रविवारी संध्याकाळी परतीच्या बसेस भरून जातात, जागा आधी धरून ठेवावी. वर्ध्यापर्यंत मामांनी फक्त एक गोष्ट सांगितली: त्यांच्याकडं शिकायला येणारी दोन पोरं आहेत, सोमवारपासून त्यांना आधी अर्धा तास फक्त हळू फुंकायला लावायचं. गाणी नंतर.

देवळीला चहा घेतला तेव्हा इअरफोन त्यांनी स्वतःहून मागितले. संथ भाग लावून दिला. पुढं कळंबपर्यंत तोच, पुन्हा पुन्हा.

त्या साडेतीनच्या रीडवर आधी नुसती हवाच निघाली, असं त्यांनी परवा फोनवर सांगितलं. आता खालचे तीन सूर लागतात. फेब्रुवारीत लग्नं सुरू झाली की ते परत अडीचवर येणार आहेत, पण घरी सरावाला साडेतीनच.